खासगी मॅपिंग, तरी फाइलला भोकं

क्यूईएमयूवर (आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) आधारलेल्या आमच्या कोडमधला एक बदल तपासत होतो: मेमरीचा मजकूर ठेवलेल्या एकाच टेम्पलेट फाइलवरून अनेक व्हीएम सुरू करायच्या. मॅपिंग (फाइल व्हीएमच्या मेमरीशी जोडणं) प्रायव्हेट, म्हणजे गेस्टने (व्हीएममध्ये चालणाऱ्या सिस्टिमने) लिहिलेलं फाइलपर्यंत पोचत नाही. पण एका व्हीएममध्ये बलून (गेस्टकडची मेमरी होस्टला परत देणारी सोय) फुगवला की दुसरीला डेटाच्या जागी शून्यं दिसायची. गोम मेमरीची पानं सोडून देण्याच्या (डिस्कार्डच्या) वाटेत होती; तिथे लिनक्सचे दोन कॉल वापरले जातात. मॅडव्हाइज फक्त आपली खासगी प्रत टाकून देतं. फॉलोकेट मात्र थेट फाइललाच भोक पाडतं, म्हणजे तिथला डेटा काढून टाकतं, मग मॅपिंग कसंही असो. आणि ही फाइल तर सगळ्यांची! फाइल केवळ वाचण्यासाठी उघडायला लावली (क्यूईएमयू ८.२ पासून रीडओन्ली=ऑन, रॉम=ऑफ हे पर्याय दिले की फाइल केवळ वाचण्यासाठी उघडली तरी व्हीएमच्या रॅमवर लिहिता येतं) आणि अशा फाइलवर डिस्कार्ड नाकारायला सांगितलं. बलून फुगवल्यावरही फाइलचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) तोच राहतो, हे दाखवणारी चाचणी आल्यावरच मंजुरी दिली.