डोक्याला मार लागलेला माणूस आणि दारू : घरच्यांनी काय करावं

आंबे काढताना झाडावरून पडलेला, चिरेखाणीत आपटलेला, मुंबई-गोवा महामार्गावर हेल्मेट न घालता घसरलेला. डोक्याला मार लागलेला एकही माणूस नाही, असा गाव कोकणात शोधून सापडणं कठीण. त्यातले बरेच जण वाचतात, हिंडू-फिरू लागतात. काही महिने घरचे सगळं विसरून देवाचे आभार मानत असतात आणि मग कधीतरी बाटली परत सुरू होते, बहुतेक वेळा पूर्वीपेक्षा वाईट पद्धतीने. लोक म्हणतात, माज आलाय. मला हे ऐकवत नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग रागाला आवर घालतो, उद्याचा विचार करतो, 'आता पुरे' म्हणतो. अपघातात अनेकदा नेमका तोच दुखावतो आणि दारू त्याच भागाला आणखी ढिला करते. म्हणजे पिऊन माणूस पडतो, पडल्यामुळे दारू सोडणं जड जातं आणि पीत राहिला तर पुन्हा पडतो. हा फेरा घरच्यांना कुठे कुठे तोडता येतो, ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी : पडला त्या रात्री

'झोपूक दे तेका, सकाळी उतारतली.' हे वाक्य घराघरातून जावं, एवढीच माझी इच्छा आहे. जीभ जड होणं, तोल जाणं, ओकारी, गुंगी ही दारूची लक्षणं आणि कवटीत रक्तस्राव होत असल्याचीही. नुसतं बघून दोन्हींतला फरक घरी कळत नाही, डॉक्टरलाही सीटी स्कॅन लागतो. म्हणून प्यायलेला माणूस डोक्यावर पडला असेल, तर दारू बाजूला ठेवा आणि मार लागलाय असंच धरून चाला. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, हाक मारूनही नीट न उठणं, डोळ्यांतली एक बाहुली मोठी एक लहान दिसणं, कानानाकातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव, फिट, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं. यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा. मान वेडीवाकडी हलवू नका, तोंडाला पाणी लावू नका.

रोज पिणाऱ्याच्या बाबतीत धोका जास्त. यकृत बिघडलं की रक्त लवकर गोठत नाही, आणि वर्षानुवर्षांच्या पिण्याने मेंदू थोडा आकसलेला असल्याने त्यावरच्या शिरा ताणलेल्या असतात. साध्या धक्क्यानेही त्यातून रक्त झिरपतं, कधी दोन-तीन आठवड्यांनी उजेडात येतं. पडवीत घसरलेले आजोबा महिन्याभराने गोंधळल्यासारखे वागू लागले, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका.

दुसरी पायरी : डॉक्टरांना खरं सांगा

सिव्हिलला असा, गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात किंवा कोल्हापूरला, केस पेपर काढतानाच सांगा : रोज घेतो का, किती, शेवटची कधी घेतली. पोलिसांच्या किंवा विम्याच्या भीतीने, नाहीतर सासरच्यांसमोर लाज म्हणून 'नाही हो, कधीतरी' असं सांगितलं जातं. त्याची किंमत पेशंट मोजतो. रोजची दारू अचानक तुटली की काही तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना भास होतात, अंगावर किडे चालल्यासारखं वाटतं, माणूस सलाईन उपटून पळू लागतो. याला बाहेरची बाधा म्हणणारे नातेवाईक वॉर्डात असतातच. खरं आधी कळलेलं असेल तर डॉक्टर वेळीच औषध देतात, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात आणि हे दारू तुटल्यामुळे झालंय की डोक्यातलं रक्त वाढलंय, हे तपासतात.

तिसरी पायरी : डिस्चार्जच्या दिवशी

कार्डावर गोळ्या लिहिलेल्या असतात, टाके कधी काढायचे ते असतं. दारूबद्दल बरेचदा काहीच नसतं. तुम्ही विचारा आणि पेशंटच्या समोर विचारा : आता किती चालेल? उत्तर 'अजिबात नाही' असं येईल. डॉक्टरांकडून ते कार्डावरच लिहून घ्या. मार लागलेल्या मेंदूला पूर्वीपेक्षा कमी दारूही जास्त चढते. फिटचा धोका वाढतो, फिटच्या गोळ्यांबरोबर घेतली तर गुंगी वाढते, गोळ्या चुकतात. बिअर, माडी, काजूची हुर्राक, सगळं यात आलं. झोपेच्या आणि जालीम वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने मेडिकलमधून आणणंही यातच आलं.

चौथी पायरी : घरात

सुरुवातीचे महिने बहुतेकांची दारू आपोआप थांबलेली असते. पडून असतात, हातात पैसे नसतात, मित्रही लांब असतात. हीच वेळ धरायची. अंगात ताकद आली, मोटरसायकलची किल्ली हातात आली, की गोष्ट अवघड होते.

त्याला समजावून सांगा, पण समजावण्यावर भिस्त ठेवू नका. सकाळी दिलेला शब्द संध्याकाळी त्याच्या लक्षातच नसतो आणि तो खोटं बोलतोय असं वाटून भांडण पेटतं. त्यापेक्षा भिंतीवरच्या कालनिर्णयचा उपयोग करा. आजच्या चौकोनात मोठ्या अक्षरात दोनच गोष्टी : गोळी घेतली, संध्याकाळी पाच वाजता कुठे जायचंय. पाच ते आठ हा वेळ सगळ्यात कठीण, तो रिकामा सोडायचा नाही. बागेला पाणी, भजनाचा सराव, भावाच्या दुकानात बसणं, काहीही. खलाशी असेल तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हाचं नियोजन मे महिन्यातच करा.

शिमगा, गणपतीत आलेले चाकरमानी, जत्रेनंतरची बैठक. 'एकाने काय होतंय' म्हणणारा पाहुणा निघतोच. त्याला आडोशाला नेऊन घरातल्या कर्त्या माणसाने आधीच सांगावं की डोक्याचं ऑपरेशन झालंय, फिट येते. राखण द्यायला, म्हणजे राखणदार देवाला मान द्यायला, दारू लागत असेल, तर त्या वर्षी बाटली दुसऱ्याने आणावी, दुसऱ्यानेच ओतावी. देव रागवत नाही.

पाचवी पायरी : उपचार

दारू सुटत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञ लागतो. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही टेलिमानसची हेल्पलाइन, दोन्ही मोफत. कुठेही गेलात तरी पहिलं वाक्य हे असू दे : 'याच्या डोक्याला मार लागला होता.' जुने डिस्चार्ज कार्ड आणि सीटीची फिल्म बरोबर न्या. व्यसनमुक्ती केंद्रात तास-तासभराची व्याख्यानं असतात, ती अशा माणसाच्या डोक्यात राहत नाहीत. तो गप्प बसला की 'याला सुधारायचंच नाही' असा शिक्का बसतो. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा सांगा, लिहून द्या, अशी विनंती करा. समजूतदार समुपदेशक ऐकतात.

जेवणात गुपचूप घालायची पुडी कुणी आणून दिली तर घेऊ नका. त्यात असू शकणाऱ्या दारू सोडवायच्या औषधावर दारू प्यायली की रक्तदाब कोसळू शकतो आणि फिट येणाऱ्या माणसाला ते औषध आणखी घातक. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, माणसाला सांगूनच द्यायचं असतं.

आणि एखाद्या दिवशी तो पिऊन आलाच, तर त्या रात्री वाद घालू नका. कुठे पडला होता का, ते विचारा. डोकं चाचपून बघा, टेंगूळ किंवा जखम आहे का. काहीही सापडलं तर पहिल्या पायरीपासून सुरू करा. नसेल तर कुशीवर झोपवा, दर तासाला हाक मारून उठवा आणि सकाळी त्याच्या समोरच डॉक्टरांना फोन लावा.