आउसलेंडरबेहोर्डेच्या दारात जाण्याआधी

सगळ्यात आधी टपालपेटीवर नाव लावा. जर्मनीत नव्यानं आलेल्या कुणाचा फोन आला की मी हेच पहिल्यांदा सांगते आणि पलीकडचा माणूस दर वेळी बुचकळ्यात पडतो. त्याला व्हिसाबद्दल विचारायचं असतं आणि ही बाई पोस्टाच्या पेटीचं काय घेऊन बसली! पण इथल्या बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो. पोस्टमन आडनाव बघतो, आडनाव दिसलं नाही तर पत्र परत. एका फ्लॅटमध्ये चार पोरं राहतात, पेटीवर नाव एकाचंच, आणि बाकीच्या तिघांची सरकारी पत्रं गुपचूप माघारी जात असतात. महिनाभरानं कळतं की कार्यालयानं कागद मागवले होते आणि मुदत कधीच उलटून गेली.

पत्र पिवळ्या पाकिटातून आलं असेल तर पाकीट फेकू नका. पोस्टमननं त्यावर तारीख लिहिलेली असते. मुदत त्या तारखेपासून मोजतात, तुम्ही पाकीट फोडलंत त्या दिवसापासून नाही.

मी दहा वर्षांपूर्वी नवऱ्यापाठोपाठ फॅमिली व्हिसावर इथे आले. शहर मध्यम आकाराचं आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे आणि त्याच कार्यालयात मला अजून जायचं आहे. या दहा वर्षांत माझी जाडजूड फाइल तीनदा बदलली. आता ओळखीतलं कुणी आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, निघालं की आदल्या रात्री आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याचे कागद पसरलेले असतात.

पहिलं काम आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा एक वेगळा फॉर्म लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. किल्ली घेतानाच त्या फॉर्मवर सही मागा. नंतर मालक सुट्टीवर जातो आणि तुम्ही ताटकळता.

आता मुख्य मुद्दा. भारतातून येताना पासपोर्टवर जो व्हिसा चिकटवून मिळतो तो सहसा काही महिन्यांचा असतो. तेवढ्या वेळात इथल्या कार्यालयातून राहण्याचा परवाना, म्हणजे ते कार्ड, मिळवायचं. इथेच बहुतेकांची गफलत होते. लोक तेर्मिनच्या, म्हणजे भेटीच्या वेळेच्या मागे लागतात. रात्री बारा वाजता संकेतस्थळ उघडून बसतात, वेळ मिळत नाही म्हणून रडकुंडीला येतात. पण कायदा तेर्मिनची तारीख बघत नाही, अर्जाची बघतो. रहिवास कायद्याच्या कलम ८१मध्ये सरळ लिहिलंय की मुदत संपायच्या आत वाढीसाठी अर्ज केलात, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असं धरलं जातं. भेट तीन महिन्यांनी मिळाली तरी तुम्ही बेकायदा होत नाही. मात्र अर्ज वेळेत पोचल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा.

आणि अर्ज म्हणजे अर्जच. 'मला तेर्मिन हवी आहे' असा ईमेल म्हणजे अर्ज नव्हे, असं म्हणणारा कारकून कधीतरी भेटतोच. म्हणून ईमेलच्या पहिल्या ओळीत हे वाक्य लिहा: 'Hiermit beantrage ich die Verlängerung meiner Aufenthaltserlaubnis.' म्हणजे, याद्वारे मी माझ्या रहिवास परवान्याला मुदतवाढ मागत आहे. खाली नाव, जन्मतारीख, पत्ता, परवाना कधी संपतो ती तारीख. ऑनलाइन अर्ज असेल तर शेवटी येणारी पीडीएफ लगेच उतरवून ठेवा. पोचपावतीचा ईमेल आला नाही तर तेच पत्र रजिस्टर टपालानं पाठवा, किंवा फॅक्स करा. हसू नका. फॅक्स गेल्याचा एका पानाचा अहवाल मी दोनदा टेबलावर ठेवलाय आणि दोन्ही वेळा समोरचा आवाज खाली आलाय. मी स्वतः मुदत संपायच्या तीन महिने आधी अर्ज टाकते.

एक सावधगिरी. पर्यटक म्हणून शेंगेन व्हिसावर आलेल्या आईबाबांना ही सवलत नाही. त्यांनी 'अर्ज टाकलाय ना, राहू दोन आठवडे जास्त' असं अजिबात करू नये.

अर्ज केल्यावर कार्ड यायला उशीर होणार असेल तर फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा कागद मागून घ्या. फी १३ युरो. नाव उच्चारता आलं नाही तरी चालेल, पण त्यावर कोणत्या चौकोनात फुली आहे ते खिडकीसमोरच वाचा. कलम ८१च्या चौथ्या परिच्छेदाचा चौकोन असेल तर जुना परवाना चालू मानला जातो आणि तुम्ही देशाबाहेर जाऊन परत येऊ शकता. तिसऱ्या परिच्छेदाचा असेल तर इथे राहायला हरकत नाही, पण बाहेर गेलात तर नुसत्या त्या कागदावर परत येता येत नाही.

माझा चौकोन बरोबर होता, तरी मी अडकले. सासूबाई आजारी, कार्ड संपलेलं, हातात हा घडीचा कागद आणि जुनं कार्ड. जाताना कुणी विचारलं नाही. परत येताना मुंबई विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं जुनं कार्ड पाहिलं, तारीख पाहिली आणि म्हणाली, "मॅडम, हे संपलंय." मी कागद पुढे केला. तिनं तो उलटा धरला, मग सुलटा, मग सुपरवायझरला बोलावलं. सुपरवायझरनं फोटो काढून कुठेतरी पाठवला. मागच्या रांगेतले लोक माझ्याकडे असे बघत होते जणू मी त्यांचंच विमान रोखून धरलंय. चाळीस मिनिटांनी पलीकडून 'ठीक आहे' आलं. तेव्हापासून सांगते: हा कागद घेऊन प्रवास करायचाच झाला तर थेट जर्मनीत उतरणारं विमान घ्या, जुनं कार्ड बरोबर ठेवा, कलमाचा इंग्रजी मजकूर छापून न्या आणि विमानतळावर चार तास आधी पोचा.

आता नावाचं प्रकरण. यावर मी एक तास बोलू शकते.

आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टवर पहिली दोन नावं एकाच रकान्यात बसतात. जर्मन कारकुनाच्या लेखी ती दोन्ही तुमची, जन्मापासूनची नावं. माझ्या पहिल्या भेटीत समोरच्या बाईंनी पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि जन्मदाखला शेजारी शेजारी ठेवले. पेन्सिलीचं टोक एका कागदावरून दुसऱ्यावर फिरत होतं. जन्मदाखल्यावर नुसतं माझं नाव. लग्नाच्या दाखल्यावर माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. बाईंनी चष्मा काढला आणि अगदी शांतपणे विचारलं, "या तिघी कोण?"

वर पुढचा प्रश्न: "तुमच्या नावात पुरुषाचं नाव का आहे?" मी माझ्या तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये समजावलं. त्या म्हणाल्या, छान, पण हे कुठे लिहिलेलं आहे? तेच तर. आपल्याला जे पाळण्यापासून ठाऊक असतं ते कुठेच लिहिलेलं नसतं. त्या दिवशी मी हात हलवत परत आले.

नंतर जे चाललं ते असं. माहेरच्या नावाचा जुना, रद्द झालेला पासपोर्ट. त्यानं दोन नावांमधला पूल बांधला. त्यामुळे लग्नानंतर नवा पासपोर्ट काढलात तर जुना कधीही टाकू नका. दुसरं, भाषांतर. इथे सरकारी कामाची भाषा जर्मन, असं कायद्यातच आहे, आणि भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच लागतं. त्यांची यादी न्यायखात्याच्या संकेतस्थळावर असते. काम देतानाच पासपोर्टचं पान पाठवा. देवनागरी दाखल्यावरचं नाव भाषांतरकार स्वतःच्या नियमांनी रोमन लिपीत उतरवतो आणि ते पासपोर्टशी जुळलं नाही की चौथी बाई जन्माला येते! पासपोर्टवरचं स्पेलिंग तळटिपेत द्यायला सांगा. शक्य असेल तर दाखला मुळातच मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांतला मिळवा. तिसरं, तुम्हाला अजून नाव बदलायचं असेल तर व्हिसाच्या धामधुमीत बदलू नका. आधी किंवा बऱ्याच नंतर.

दाखल्यांवरच्या ठशांचंही ऐका. अपोस्टिल म्हणजे दाखला खरा आहे असं दुसऱ्या देशांना सांगणारा सरकारी ठसा. भारत २००५ साली त्या करारात आला, पण जर्मनीनं त्यावर हरकत घेतली होती. आम्ही एजंटला पैसे मोजून लग्नाच्या दाखल्यावर अपोस्टिल करवून आणला आणि तो इथे शोभेचा ठरला. कुठल्याही एजंटला एक रुपया देण्याआधी ज्या कार्यालयात कागद द्यायचा आहे त्यांनाच लेखी विचारा, तुम्हाला नेमकं काय लागतं.

भेटीच्या दिवशी. त्यांच्या यादीत कागद ज्या क्रमानं लिहिलेत त्याच क्रमानं फाइलमध्ये लावा. मूळ एका बाजूला, झेरॉक्स दुसऱ्या बाजूला. मागितलं तेवढंच द्या. आपल्याला वाटतं, असू दे, जास्त पुरावा बरा. पण प्रत्येक जास्तीच्या कागदातून एक जास्तीचा प्रश्न निघतो. एका ओळखीच्या मुलानं उत्साहानं नव्या कंपनीचं ऑफर लेटर दाखवलं आणि साधी मुदतवाढ सोडून चर्चा नोकरीबदलावर गेली. फोटो नेऊ नका: कागदी फोटो १ मे २०२५पासून बंद झाले. नोंदणीकृत स्टुडिओत डिजिटल काढायचा किंवा कार्यालयातल्या यंत्रावर, ६ युरोत. आरोग्य विम्याचं अलीकडच्या तारखेचं प्रमाणपत्र न्या, प्रवास विमा चालत नाही. जर्मन येत नसेल तर येणाऱ्या कुणाला तरी सोबत न्या. समोरच्याला इंग्रजी येत असलं तरी ते बोलायला तो बांधील नाही, आणि त्यावर वाद घालून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. निघताना फाइल क्रमांक विचारा. घरी आल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल करा: आज मी अमुक कागद दिले, आपण अमुक महिन्यात कार्ड येईल म्हणालात. उत्तर येणार नाही. यायला नकोच आहे, तारीख लागली की झालं.

पहिल्या कार्डाला १०० युरो, मुदतवाढीला सहसा ९३. कार्ड बर्लिनच्या सरकारी छापखान्यातून येतं, काही आठवडे धरून चाला. हातात आलं की स्पेलिंग आणि तारीख तिथेच तपासा. बरोबर एक हिरवा कागद मिळतो. लोक तो ड्रॉवरमध्ये टाकतात, पण नोकरीच्या अटी त्यावरच असतात. परवाना एखाद्या विशिष्ट कंपनीला बांधलेला असेल तर विचारल्याशिवाय नोकरी बदलू नका. नोकरीसाठीच्या परवान्यावर असताना नोकरी सुटली तर दोन आठवड्यांत कळवणं बंधनकारक आहे. लपवून वेळ काढता येईल असं वाटतं खरं, पण पुढच्या मुदतवाढीला पगाराच्या पावत्या मागतातच. आणि सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर साधा परवाना आपोआप संपू शकतो. बाळंतपणासाठी माहेरी जाणाऱ्यांनी हे आधीच कार्यालयाशी लेखी बोलून घ्यावं.

पासपोर्ट संपत आला असेल तर कार्डही तेवढ्याच मुदतीचं मिळतं. म्हणजे वर्षभरात पुन्हा तीच वारी, तीच फी. आपला पासपोर्ट संपायच्या आधीच्या वर्षात नवा करता येतो. बर्लिनचा दूतावास किंवा फ्रँकफर्ट, म्युनिक, हँबुर्गचे वाणिज्य दूतावास, तुमच्या राज्याला जो लागू असेल तिथे. आधी पासपोर्ट, मग परवान्याचा अर्ज.

सगळं देऊनही काही हलत नसेल तर? अर्जाला तीन महिने झाले आणि सबळ कारण नसताना निर्णय नाही, तर प्रशासकीय न्यायालयात कार्यालयाविरुद्ध दावा लावता येतो. त्याला उंटेटिखकाइट्सक्लागं म्हणतात, निष्क्रियतेचा दावा. मला तिथवर जावं लागलं नाही. एकदा तेरा आठवडे थांबून मी एक सभ्य पत्र लिहिलं, त्यात तो शब्द एकदाच वापरला आणि दहा दिवसांत तेर्मिन आली. मात्र ऊठसूट वापरला तर त्याची धार जाते, आणि पहिल्याच महिन्यात तर मुळीच नको.

नकार आला तर पत्राचं शेवटचं पान आधी वाचा. कुणाकडे, कशी आणि किती दिवसांत दाद मागायची ते तिथे छापलेलं असतं, सहसा एक महिना. वकील परवडत नसेल तर कारितास, डियाकोनी (या दोन्ही चर्चच्या), आरबायटरवोलफार्ट या सेवाभावी संस्थांकडे स्थलांतरितांसाठी मोफत सल्ला मिळतो. धर्म विचारत नाहीत. जाताना नकाराचं पत्र न्या, आणि त्याचं पिवळं पाकीटही.