घरातलं शिवणकाम आणि सोसायटीची नोटीस

पुण्यात राहत्या फ्लॅटमध्ये ब्लाउज शिवते. सोसायटीची नोटीस आली: ‘व्यावसायिक वापर बंद करा.’ भांडण्याऐवजी राज्याची २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे बांधकामाचे आणि कुठली जागा कशासाठी वापरता येते याचे नियम, उघडली (मुंबईला ती लागू नाही). निवासी भागात घरच्याच माणसांनी, पगारी कामगार न ठेवता केलेलं शिवण-भरतकाम त्यात चालतं. त्या पानाची प्रत सेक्रेटरींना दिली. खरी मेख माझ्याकडे येणाऱ्या पगारी मदतनीस बाईंची होती; आता हुक-काजांचं काम त्यांच्या घरी पाठवते.

खालच्या काकांचं दुखणं मात्र वेगळंच निघालं, मशीनची घरघर! मशीनच्या पायांखाली जाड रबर घातलं, दुपारी १ ते ४ मशीन बंद (पुण्यात हे वेगळं सांगायला नको). गिऱ्हाइकांच्या स्कूटर गेटबाहेर. कमिटीने नोटीस मागे घेतली, तीही लेखी. तोंडी मी ऐकलंच नसतं.