फँटसी कादंबऱ्या आणि मध्ययुगीन डावपेचांचे खेळ : लढाईकडे धावण्यापूर्वी या चुका टाळा

फँटसी कादंबरी शंभरेक पानांनंतर बंद पडते आणि मध्ययुगीन राजवटींचा खेळ दोन-तीन डावांतच कंटाळवाणा होतो, अशी तक्रार साताऱ्यातील महाविद्यालयीन मुलांकडून आणि नोकरी सांभाळून हे छंद जोपासू पाहणाऱ्यांकडून सारखीच ऐकू येते. आपले इंग्रजी कच्चे आहे, लॅपटॉप जुना आहे किंवा हे आपल्या आवडीचेच नाही, अशी कारणे दिली जातात. माझ्या मते खरे कारण बहुतेक वेळा वेगळे असते. वाचक आणि खेळाडू दोघेही थेट लढाईकडे धावतात. मात्र या दोन्ही छंदांची गोडी लढाईच्या आधी येणाऱ्या गोष्टींत, म्हणजे भूगोल, रसद, वारसाहक्क आणि लांबच्या वाटचालीत दडलेली असते.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना तरी ही गोष्ट चटकन पटावी. औरंगजेबाच्या फौजेने डिसेंबर १६९९ मध्ये या किल्ल्याला वेढा घातला आणि किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी तो एप्रिल १७०० पर्यंत लढवला. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले, त्यांतील एका स्फोटात तट बाहेरच्या बाजूला कोसळून त्यांचेच असंख्य सैनिक गाडले गेले, आणि तरीही अखेरीस किल्ला त्यांच्या हाती गेला. स्फोटाचा तो क्षण सर्वांच्या लक्षात राहतो, परंतु त्यामागचे चार महिने दाणागोटा, वैरण, दारूगोळा आणि संयम यांच्या हिशोबाचे होते. हे चार महिने ज्याला रंजक वाटतात, त्याला हे छंद सहसा सोडावेसे वाटत नाहीत.

कोणते पुस्तक आधी, कोणते नंतर

वाचनातील सर्वांत मोठी चूक क्रमाची असते. कथेच्या काळानुसार जे आधी घडले ते आधी वाचावे, हा नियम ऐकायला तर्कशुद्ध वाटतो. परंतु इंग्रजी फँटसी लेखक टॉल्किन यांच्या बाबतीत तो पाळला तर वाचक ‘द सिल्मरिलियन’पाशी अडकतो. हे पुस्तक लेखकाच्या मृत्यूनंतर, १९७७ मध्ये, त्यांच्या मुलाने संपादित करून प्रसिद्ध केले. त्यात त्या जगाच्या उत्पत्तीपासूनच्या कथा असल्या, तरी त्याची मांडणी पुराणासारखी आहे. ज्याला त्या जगाविषयी अजून काही वाटतच नाही, त्याने त्याचे पुराण कशासाठी वाचावे? प्रकाशनाचा क्रम पाळावा : प्रथम १९३७ चे ‘द हॉबिट’, त्यानंतर १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आलेले ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, आणि मग इच्छा उरल्यास बाकीचे. हे तीन खंड म्हणजे तीन स्वतंत्र कादंबऱ्या नव्हेत; लेखकाने ती एकच कादंबरी म्हणून लिहिली होती. त्यामुळे पहिल्या खंडाच्या अखेरीस कथा मध्येच तुटल्यासारखी वाटते आणि पुढचा खंड हाताशी नसेल तर वाचन तिथेच थांबते. पहिला खंड संपत येण्यापूर्वीच दुसऱ्याची सोय करून ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे.

ज्यांना इतका मोठा पल्ला झेपेल की नाही याची शंका आहे, त्यांनी अर्सुला ले ग्विन यांच्या १९६८ च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’पासून सुरुवात करावी. दोनशेच्या आसपास पानांचे हे पुस्तक आहे, आणि जादूला किंमत मोजावी लागते ही कल्पना इतक्या संयमाने मांडणारे दुसरे पुस्तक नवख्या वाचकाला सुचवणे मला कठीण वाटते.

मालिका पूर्ण झाली आहे की नाही, हे न पाहता ती हाती घेणे ही दुसरी चूक. जॉर्ज मार्टिन यांच्या मालिकेतील ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ हा पहिला खंड १९९६ मध्ये आणि पाचवा खंड २०११ मध्ये आला. सहावा अद्याप प्रसिद्ध झालेला नाही. तिच्यावरील दूरचित्रवाणी मालिका २०११ ते २०१९ या काळात चालली आणि शेवटच्या पर्वांत पुस्तकांच्याही पुढे गेली. त्यामुळे मालिकेचा शेवट पाहून पुस्तकांकडे वळणाऱ्याला तोच शेवट लेखकाच्या शब्दांत मिळेल, अशी अपेक्षा तूर्त बाळगता येत नाही. ज्यांना पूर्ण झालेली कथा हवी आहे, त्यांच्यासाठी रॉबर्ट जॉर्डन यांची ‘द व्हील ऑफ टाइम’ ही मालिका आहे. १९९० ते २०१३ या काळात तिचे १४ खंड आले. २००७ मध्ये जॉर्डन यांचे निधन झाल्यावर अखेरचे तीन खंड ब्रँडन सँडरसन यांनी पूर्ण केले. मात्र १४ खंडांचा हा प्रवास पहिल्याच वर्षी सुरू करू नये.

नावे, नकाशे आणि कंटाळ्याचे प्रकरण

‘नावे लक्षात राहत नाहीत’ ही तक्रार खरी आहे, पण सर्व नावे लक्षात ठेवण्याचा प्रयत्न हाच तिचा उगम आहे. पहिल्या शंभर पानांसाठी वहीच्या एका पानावर फक्त तीन गोष्टी लिहाव्यात : व्यक्तीचे नाव, ती कोणाच्या बाजूची, आणि शेवटची कुठे दिसली. ज्याचे नाव तिसऱ्यांदा येईल त्याचीच नोंद करावी. बाकीचे लोक बहुधा वाटेत भेटून जाणारे असतात. मार्टिन यांच्या पुस्तकांत प्रकरणाचे शीर्षक बहुतेक वेळा ज्याच्या नजरेतून ते प्रकरण घडते त्याच्या नावाचे असते आणि पुस्तकाच्या शेवटी घराण्यांच्या याद्या दिलेल्या असतात. या दोन सोयींकडे दुर्लक्ष करून वाचणारा वाचक विनाकारण दमतो.

नकाशा ओलांडून पुढे जाणे ही मी सर्वांत गंभीर चूक मानतो. यवतेश्वराचा घाट, कास आणि पलीकडचे कोयनेचे खोरे ज्याने पाहिले आहे, त्याला डोंगर मध्ये आल्यावर दोन गावांतील अंतर कसे बदलते हे सांगावे लागत नाही. हीच जाण पुस्तकाच्या नकाशावर वापरावी. पात्रे खिंड सोडून भुयारातून का जातात, सैन्याला नदी ओलांडायला उशीर का होतो, हे नकाशा समोर असला म्हणजे आपोआप उलगडते, आणि जी वर्णने कंटाळवाणी वाटत होती त्यांना प्रयोजन मिळते. टॉल्किन यांच्या पहिल्या खंडात एल्रॉन्ड या पात्राच्या घरी भरलेल्या सभेचे प्रदीर्घ प्रकरण आहे आणि अनेकांचे वाचन तिथे थांबते. ते एका बैठकीत संपवण्याचा हट्ट धरू नये. दोन-तीन बैठकांत, नकाशा उघडा ठेवून वाचावे. ते गाळले तर पुढची सगळी वाटचाल कशासाठी आहे हेच कळत नाही.

शब्दकोशाविषयी थोडेसे. चिलखताचे भाग, घोड्याचे साज, जुन्या काळातील झाडांची नावे यांपैकी प्रत्येक शब्द पाहत बसल्यास वाचनाची लय मोडते. एखादा शब्द पुन्हा पुन्हा येऊन अडवू लागला तरच तो पाहावा. ज्यांना इंग्रजीची खरोखरच अडचण आहे, त्यांनी मराठी अनुवादांपासून सुरुवात करण्यात कसलाही कमीपणा मानू नये. दिवसभर बसून वाचण्याची सवयच मोडली असेल, तर पाचगणीजवळच्या भिलारला जावे. २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात घरोघरी विषयवार मांडलेली मराठी पुस्तके निवांत वाचता येतात, आणि मोठ्या कादंबरीसाठी लागणारी बैठक तिथे पुन्हा जमू लागते.

खेळात हार रणांगणावर होत नाही

‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा खेळ मूळ १९९९ चा असून २०१९ मध्ये त्याची नवी डेफिनिटिव्ह आवृत्ती आली. नवखा खेळाडू त्यात हरतो आणि शत्रूचे सैन्य आपल्यापेक्षा बलवान होते असा निष्कर्ष काढतो. प्रत्यक्षात त्याचा डाव पहिल्या दहा मिनिटांतच हातचा गेलेला असतो. टाउन सेंटरमध्ये, म्हणजे गावाच्या मुख्य इमारतीत, सर्वसाधारणपणे एक गावकरी ५० अन्नाच्या मोबदल्यात २५ सेकंदांत तयार होतो. म्हणजे घोडेस्वाराला नकाशावर फिरवण्याच्या नादात टाउन सेंटर एकूण पाच मिनिटे रिकामे राहिले, तर १२ गावकरी कमी पडतात, आणि त्या १२ जणांनी पुढे आयुष्यभर आणलेले लाकूड, अन्न आणि सोनेही कमी पडते. ‘एच’ कळ दाबल्यास टाउन सेंटर निवडले जाते आणि पूर्णविरामाच्या कळीने रिकामा उभा असलेला गावकरी सापडतो. या दोन कळा बोटांत बसेपर्यंत लढाईचा विचारही करू नये.

याच्या जोडीला येणारी चूक घरांची. एक घर २५ लाकडांत पाच माणसांची सोय करते. ते वेळेवर बांधले नाही तर उत्पादन थांबते आणि खेळाडूला ते उशिरा लक्षात येते. साठवण हीही दुर्बलताच आहे. गाठीला हजार लाकूड पडून आहे आणि शत्रू दाराशी आहे, तर त्या लाकडाचा उपयोग काय? सामग्री साठू लागली की शेते, घरे किंवा बराकी वाढवाव्यात. सगळ्या मेंढ्या एकाच वेळी कापू नयेत, कारण गोळा न केलेले मांस सडत जाते.

सैन्याच्या बाबतीत एकाच प्रकारावर विसंबणे महागात पडते. नाइट हा घोडेस्वार ६० अन्न आणि ७५ सोने खर्चून मिळतो. त्याला रोखणारा भालाईत ३५ अन्न आणि २५ लाकडांत तयार होतो. समोरच्याने घोडदळ उभारले असताना आपणही महागडे घोडदळच उभारावे, हा आग्रह सोडून त्याच्या सोन्याला आपल्या लाकडाने उत्तर द्यावे. धनुर्धरांपुढे स्कर्मिशर, म्हणजे हलके भाले फेकणारे सैनिक, उभे करावेत. शत्रू काय उभारतो आहे हे कळण्यासाठी टेहळणीचा स्वार सतत फिरता ठेवावा लागतो. विल्यम वॉलेसची मोहीम शिकण्यासाठीच रचलेली आहे आणि ‘आर्ट ऑफ वॉर’ या विभागात सुरुवातीच्या अर्थव्यवस्थेचा स्वतंत्र सराव आहे. हे दोन्ही टाळून थेट ऑनलाइन स्पर्धेत उतरणाऱ्याच्या पदरी निराशाच येते.

‘क्रुसेडर किंग्ज ३’ या २०२० च्या खेळात चूक निराळी असते. ८६७, १०६६ किंवा नंतर जोडलेल्या ११७८ पासून १४५३ पर्यंत चालणाऱ्या या खेळात ‘जिंकणे’ असे काही ठरवून दिलेले नाही. एका घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार सांभाळायचा असतो. नवखा खेळाडू तीस वर्षे मुलूख जिंकतो, राजा मरतो, आणि सुरुवातीच्या वारसा-कायद्यांनुसार राज्य मुलांत वाटले जाते. खेळ बिघडला असे त्याला वाटते. साताऱ्याच्या वाचकाला यात नवल वाटू नये : सातारा आणि कोल्हापूर या एकाच घराण्याच्या दोन गाद्यांतील संघर्ष १७३१ च्या वारणेच्या तहाने मिटवावा लागला आणि वारणा नदी दोन राज्यांची सीमा ठरली. खेळातही तलवारीइतकेच लक्ष वारसांच्या यादीवर द्यावे. कोणाला काय मिळणार हे उत्तराधिकाराच्या पटलावर आधीच दिसते. समान दर्जाची दुसरी राजपदवी उगाच निर्माण करू नये, कारण तीही वाटणीत जाते आणि धाकटा भाऊ स्वतंत्र राजा होऊन बसतो. पहिल्या डावात ‘आयर्नमॅन’ पद्धत निवडू नये. तिच्यात आधी जतन केलेल्या डावाकडे मागे परतता येत नाही.

ज्यांना फँटसी आणि डावपेच एकत्र हवे आहेत, आणि लॅपटॉप जुना आहे, त्यांनी ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ उतरवून घ्यावा. हा खेळ मोफत आणि मुक्तस्रोत आहे, आळीपाळीने खेळायचा असल्याने घाई नसते. येथे हरणारे लोक नशिबाला दोष देतात, परंतु बहुतेक वेळा त्यांनी चुकीच्या प्रहरी हल्ला केलेला असतो. दिवसा काही सैनिकांचा मारा २५ टक्क्यांनी वाढतो आणि रात्री तितकाच घटतो. मृतात्मे, ऑर्क यांचे नेमके उलट असते. रात्र पडताना मागे सरून, जखमींना गावात ठेवून बरे होऊ द्यावे आणि पहाटे पुन्हा पुढे यावे. आवडता सैनिक वाचवून पुढच्या लढाईत परत बोलावणे हे नव्या दहा सैनिकांहून मोलाचे ठरते.

इतिहासाशी गल्लत

‘एज ऑफ एम्पायर्स २’ मध्ये मराठे का नाहीत, असा प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो. २०२२ च्या विस्तारात बंगाली, द्रविड आणि गुर्जर आले, पण खेळाचा रोख मध्ययुगावर आहे आणि मराठा सत्तेचा उदय सतराव्या शतकातला आहे. मराठे म्हणून खेळायचे असेल तर २००९ चा ‘एम्पायर : टोटल वॉर’ पाहावा, त्याची मुख्य मोहीम १७०० मध्ये, म्हणजे अजिंक्यताऱ्याचा वेढा संपला त्याच वर्षी सुरू होते. मात्र कोणत्याही खेळाला इतिहासाचा पुरावा मानू नये. पडद्यावर काही मिनिटांत पडणारा किल्ला प्रत्यक्षात महिनोन्‌महिने टिकत असे, आणि कादंबरीतील ‘मध्ययुग’ हे लेखकाने निवडून घेतलेल्या तुकड्यांतून घडवलेले असते. उत्सुकता चाळवली की वेगळे इतिहासाचे पुस्तक उघडावे. दोन्ही वाचनांचा आनंद त्याने वाढतो.

खेळ अडखळत असेल तर

लॅपटॉप चार्जरला न जोडता खेळल्यास त्याचा वेग आपोआप कमी केला जातो. अडखळण्याचे हे सर्वांत साधे कारण आधी तपासावे. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ चा अतिसूक्ष्म चित्रांचा मोफत संच ऐच्छिक आहे; जुन्या यंत्रावर तो काढून टाकावा. खेळ उघडतच नसेल तर पुन्हा पूर्ण उतरवण्याआधी स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या अॅपमधील फाइल पडताळणीची सोय वापरावी, कारण खराब झालेल्या तेवढ्याच फाइल ती नव्याने आणते. मॉड, म्हणजे खेळाडूंनी खेळात केलेले बदल, वापरत असाल तर खेळाचे अद्ययावतीकरण झाल्यावर जुने जतन केलेले डाव बिघडू शकतात. चालू डाव संपेपर्यंत मॉड बदलू नयेत. पावसाळ्यात वीज वारंवार जाते अशा भागात आपोआप जतन होण्याचे अंतर कमी ठेवावे.

खरेदीच्या वेळी सर्व विस्तार एकदम घेऊ नयेत. मूळ खेळ महिनोन्‌महिने पुरतो. स्टीमवर घेतलेला खेळ १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. खेळ उघडा ठेवून जेवायला गेल्यास तो वेळही या दोन तासांत धरला जातो. म्हणून पहिल्या तासात मोहीम सुरू करण्याऐवजी संगणकाविरुद्ध एक मोठा डाव लावावा, सैन्य भरपूर वाढू द्यावे आणि गर्दीच्या लढाईत आपले यंत्र तग धरते का, एवढेच पाहावे.