मॉडिफाय केलेली गाडी ऑइल खाते? इंजिन खोलण्याआधी हे तपासा

टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) बसवलेली गाडी ऑइल खायला लागली की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोला.’ दुसरा सल्ला: ‘जाड ऑइल घाला.’ दोन्हींवर मी पैसे घालवले आहेत, त्यामुळे आता कुणी ते देताना ऐकलं की मला राग येतो. उद्यमनगरात बोअरिंग-होनिंग (सिलिंडर आतून घासून नीट करणं) उत्तम होतं, म्हणून कोल्हापुरात इंजिन खोलणं सोपं वाटतं. पण ऑइल कुठून जातंय हे कळायच्या आत खोललेलं इंजिन दुखणं आत ठेवूनच बंद होतं.

आधी मोजा. सपाट जागा एकच ठरवा, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, वरच्या खुणेपर्यंत भरा. १,००० किलोमीटरनंतर त्याच जागी पुन्हा त्या खुणेपर्यंत यायला किती मिली लागलं ते लिहून ठेवा. नुसत्या रंकाळा ते स्टँड अशा गावातल्या छोट्या फेऱ्यांवर हिशेब करू नका. थंड इंजिनात पेट्रोल थोडं थोडं ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी टिकवून धरते. मग एकदा पुण्याला जाऊन आलात की ते पेट्रोल उडतं आणि एका फेरीत अर्धा लिटर ऑइल गेल्यासारखं दिसतं.

बाहेरची गळती: इंजिन धुवा, वाळवा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा, ५० किलोमीटर चालवा. पावडर जिथं ओली, गळती तिथं.

धूर बघायला मागच्या गाडीत माणूस हवा. पन्हाळ्याचा घाट गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून उतरा आणि खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दाबा. त्या क्षणी निळा भपका आला तर संशय व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल आत जाऊ न देणारं रबर) आणि ती दांडी सरकते त्या गाईडवर. चढावर ओढताना सतत निळा धूर असेल तर रिंगा, टर्बो किंवा ब्रीदर (इंजिनात साचणारी वाफ बाहेर सोडणारी वाट). सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शाबूत असेल तर थोडं ऑइल तिथंच जळून जातं, म्हणून धूर नाही म्हणजे ऑइल जळत नाही असं मानू नका. प्लगही काढून बघा. एकच काळा-तेलकट असेल तर दुखणं त्या सिलिंडरचं, सगळे सारखेच असतील तर ऑइल बहुधा हवेबरोबर इनटेकमधून येतंय.

आता ज्या टप्प्यावर मी वर्ष घालवलं तो: क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळ भागातला दाब.

माझ्या साध्या पेट्रोल इंजिनाला मी टर्बो बसवला, बूस्ट (टर्बोनं चढवलेला हवेचा दाब) ०.६ बार. हजार किलोमीटरला ७०० मिली ऑइल जाऊ लागलं, इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाईपमध्ये ऑइलचं थारोळं. टर्बोचे सील गेले म्हणून टर्बो दोनदा दुरुस्त करून आणला, नंतर हेड उतरवून व्हॉल्व्ह सील बदलले. फरक शून्य. टर्बोत काही बिघडलंच नव्हतं. टर्बोमधलं ऑइल सम्पमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या तबकात) परत जातं ते सहसा केवळ स्वतःच्या वजनानं, त्याला पंप नसतो. क्रँककेसमध्ये दाब साचला की ते खाली उतरत नाही, तुंबतं आणि चांगल्या सीलमधूनही बाहेर पडतं. परतीचा पाईप अरुंद असेल, मध्ये वर वळला असेल किंवा सम्पमधल्या ऑइलच्या पातळीखाली जोडला असेल तरी हेच होतं. तो आधी डोळ्यांनी बघा.

दाब मोजायला महागडं काही लागत नाही. गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाईप घ्या, फळीवर मीटरभर उंच यू आकारात बांधा, निम्मी पाण्यानं भरा, पाण्यात निळीचे दोन थेंब टाका. ऑइल भरायचं जास्तीचं एक झाकण आणून त्याला नोझल बसवा आणि पाईप तिथं जोडा. मध्ये एक रिकामी बाटली जरूर घाला, नाहीतर पाणी इंजिनात ओढलं जाऊ शकतं. डिपस्टिकच्या नळीला जोडू नका, काही इंजिनांत तिचं टोक ऑइलमध्ये बुडालेलं असतं आणि आकडा फसवा येतो. फळी शेजारच्या माणसाच्या हातात द्या. चालवणाऱ्यानं पाण्याकडे बघायचं नाही.

आयडलवर इंजिनाकडचं पाणी थोडं वर ओढलं जायला हवं. पूर्ण बूस्टवर दोन्ही बाजूंत चार-पाच सेंटिमीटरचा फरक पडला तर मी काळजी करत नाही. माझ्या गाडीत टर्बोचा बूस्ट चढला तसं निळं पाणी सरसर चढलं आणि चाळीस सेंटिमीटरवर जाऊन थरथरत राहिलं. एवढ्या खर्चानंतर खरं कारण मला पहिल्यांदा दिसलं.

मग एकेक गोष्ट वेगळी काढायची. इनटेक मॅनिफोल्डकडे जाणारी पीसीव्हीची (क्रँककेसमधली वाफ इनटेककडे सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) नळी काढून दोन्ही तोंडं बंद करा आणि पुन्हा चालवा. दाब उतरला तर पीसीव्ही व्हॉल्व्ह उलट्या दिशेनं बूस्ट आत सोडतोय. नाही उतरला तर कॅच कॅनची (ब्रीदरमधून येणारं ऑइल गोळा करणाऱ्या डब्याची) नळी सोडून ब्रीदर तेवढ्या चाचणीपुरता मोकळा करा. आता उतरला तर कॅन किंवा नळी तुंबलेली आहे. दोन्ही करूनही दाब तसाच राहिला तरच रिंगांवर या.

पीसीव्ही तोंडानं फुंकून तपासू नका. माझा व्हॉल्व्ह तोंडानं फुंकल्यावर अगदी ठणठणीत वाटायचा. गेज असलेल्या सायकलच्या पंपानं अर्धा बार दाब दिला तेव्हा फुसफुसायला लागला. साध्या इंजिनाचा व्हॉल्व्ह बूस्ट अडवण्यासाठी बनवलेलाच नसतो. टर्बो बसवणार असाल तर त्याच दिवशी बूस्ट धरणारा चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेनं हवा जाऊ देणारा) लावा. आणि कॅच कॅनमध्ये भांडी घासायची तारेची घासणी कोंबू नका. ती तुंबते आणि तुम्ही स्वतःच्या हातानं ब्रीदर बंद करता. कॅनची नोझल इंजिनाच्या मूळ ब्रीदरपेक्षा बारीक नको. पावसाळ्यात कॅनमध्ये दुधाच्या चहासारखं पाणी साचतं. कूलंटची पातळी जागेवर असेल तर ती फक्त वाफ आहे, हेड गॅस्केटला हात लावू नका.

रिंगांचा संशय उरलाच तर लीकडाउन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबानं हवा सोडून किती गळते ते मोजा. गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर सिलिंडर चांगला, २० च्या वर गेली तर कान लावा: ऑइलच्या झाकणातून हवेचा आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. पण कॉम्प्रेशन आणि लीकडाउन दोन्ही वरच्या रिंगा तपासतात. सिलिंडरवरचं ऑइल पुसणारी खालची ऑइलची रिंग अडकलेली असेल तर दोन्ही आकडे उत्तम येतात आणि ऑइल जातच राहतं. दाब ठीक, सील ठीक, गळती नाही आणि तरीही ऑइल जातंय, असं झालं तरच पिस्टन बाहेर काढा.

चेक व्हॉल्व्ह आणि रुंद नळी बसवल्यावर माझ्या फळीवरचं पाणी तीन सेंटिमीटरवर आलं, हजार किलोमीटरला ऑइल १५० मिली. इंटरकूलरमध्ये साचलेलं जुनं ऑइल आधी धुऊन काढा, नाहीतर पुढचे काही दिवस तेच जळत राहील आणि दुरुस्ती फसली असं वाटेल.