सह्याद्रीत फिरताय? या चुका टाळा, निदान पहिल्या दोन तरी

मॅपवर बोट ठेवून "अरे दोनच किलोमीटर तर आहे" म्हणणं, ही सगळ्यात मोठी चूक. मी हे इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर पण देत नाही. सह्याद्री हा उतार नाहीये, दख्खनच्या पठाराची तुटलेली कड आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, त्यातला घट्ट बसाल्ट कडा होऊन उभा राहतो आणि ठिसूळ थर झिजून मधे झाडीची सपाटी होते, तोच पदर. म्हणजे कडा, पदर, परत कडा, असं करत थेट कोकणात. आता सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशात कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेघा, असतात दर २० मीटरला. १५ मीटरचा उभा कातळ दोन रेघांच्या मधे आरामात लपतो, आणि तुम्ही फोनवर त्याला उतार समजून निघता.

एका दिवाळीत कोकणातल्या बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर चढत होतो तर शेजारच्या घळीतून दगड यायला लागले. वर चार पोरं, कोरड्या धबधब्याच्या काठावर बसलेली, दोर नाही, पाणी संपलेलं, आणि सुट्या दगडमातीच्या घसाऱ्यावरून परत चढायची हिंमत नाही. आमच्या बरोबरचे बेलपाड्याचे मामा गेले, त्यांना मागे चढवलं, पदरातून आडवी मारून योग्य नाळेत, म्हणजे वाट जाते त्या घळीत, आणलं. तरी त्यांचा लीडर म्हणतोय, "पण फोनमधल्या जीपीएस ट्रॅकवर तर इथूनच दाखवतोय." अरे बाबा, अरुंद घळीत आकाशच जेमतेम दिसतं, सिग्नल कातळावर आपटून येतो, जीपीएस सहज शेजारच्या घळीत नेऊन ठेवतं. फाईल डाउनलोड केली म्हणजे वाट माहीत झाली असं नसतं ना!

माझी सवय सांगतो. नवीन घाटवाट, म्हणजे कोकणातून घाटमाथ्यावर येणारी पायवाट, पहिल्यांदा चढूनच करायची, खालून वर. चढताना कातळटप्पा समोर दिसतो, उतरताना तुम्ही त्याच्या डोक्यावर उभे असता. आदल्या संध्याकाळी खालून दुर्बिणीने कड्यांचे पट्टे मोजून ठेवायचे. आणि गावातला माणूस घ्या, पैसे द्या, घासाघीस करू नका.

दुसरी चूक, "पुण्यात ऊन आहे, निघूया". महाबळेश्वरला वर्षाला ६००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वीसेक किलोमीटरवर पाचगणीला त्याच्या निम्मा पण नाही, खाली वाईला तर अजूनच कमी. समुद्रावरचं वारं कड्याला धडकून वर चढतं, गार होतं आणि कडेच्या पट्ट्यातच सगळं ओतून मोकळं होतं, पुढे पुण्याला काय उरणार. त्यामुळे मी पावसाळ्यात पुण्याचा अंदाज बघतच नाही, ताम्हिणी-लोणावळ्याचे आदल्या दिवशीचे पावसाचे आकडे बघतो. आणि पावसाळ्यात नाळेत उतरायचंच नाही, रील कितीही भारी येत असलं तरी. माथ्यावर सर आली की खाली पाणी यायला वेळ लागत नाही.

बाकी पटापट.

कळसूबाई १६४६ मीटर, राज्यात सगळ्यात उंच, म्हणून सगळ्यात अवघड असं नाही. पायथ्याचं बारी गावच मुळात उंचावर आहे. कोकणातल्या घाटवाटा जवळपास समुद्रसपाटीपासून सुरू होतात, आकडा लहान असला तरी दम काढतात.

प्रत्येक गोल खड्डा ज्वालामुखीचं तोंड नसतो. इथला लाव्हा मुख्यतः लांबलचक भेगांमधून आला, शिखरं म्हणजे झीज होऊन उरलेलं. लोणारचं सरोवर तर उल्का आदळून झालेलं.

बेळगाव सोडून खाली दक्षिणेला गेलात की हे कडा-पदराच्या पायऱ्यांचं गणित विसरा, तिथं खडकच वेगळा आणि कितीतरी जुना.

पावसाळ्यातला ब्लॉग वाचून मार्चमधे कातळात कोरलेल्या टाक्यातल्या पाण्याच्या भरवशावर जाऊ नका.

आणि उतरताना कारवीच्या झुडपांना लटकू नका. सात वर्षांनी फुलते, मग अख्खी वाळते, आणि वाळलेली कारवी धरली की सरळ हातात येते.