कॅम्पसचं वायफाय ‘चालत नाही’ म्हणण्याआधी या चुका टाळा

नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं, तेव्हा देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटच नव्हतं. ते आलं १५ ऑगस्ट १९९५ ला. आज याच शहरातल्या एका कॅम्पसच्या संगणक विभागात मी बसतो आणि मेसमध्ये वायफाय दोन मिनिटं अडलं तरी फोन येतात. इमारती फायबरने जोडल्या गेल्या, हॉस्टेलच्या मजल्यामजल्यावर खोल्यांना नेट वाटून देणारे स्विच बसले. तक्रार मात्र तीच, चार शब्दांची: ‘सर, नेट चालत नाही.’

खरं तर बहुतेक वेळा नेट चालू असतं, अडलेलं असतं त्याच्या अलीकडे कुठेतरी.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे खोलीत घरचा राउटर लावणं. मागच्या पावसाळ्यात हॉस्टेलचा अख्खा मजला बंद पडला. वायफाय पूर्ण दिसतंय, पण काही उघडत नाही. एकाच्या लॅपटॉपवर आयपी पत्ता (नेटवर्कने त्याला दिलेला नंबर) पाहिला तर १९२.१६८.०.१४. आमच्याकडचे पत्ते १० ने सुरू होतात, म्हणजे पत्ते कोणी दुसराच वाटत सुटलाय. गेटवेचा, म्हणजे लॅपटॉप ज्याच्यामार्फत बाहेर जायला बघत होता त्या यंत्राचा, मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) काढला, तो स्विचच्या यादीत शोधला, सापडला सतरा नंबरच्या पोर्टवर. त्या खोलीत पलंगाखाली लाडवांच्या डब्यामागे राउटर लुकलुकत होता. पोराने सिन्नरहून येताना घरचा जुना आणलेला. भिंतीतली केबल त्याने बाहेरून नेट घेणाऱ्या वॅनऐवजी घरातल्या यंत्रांना नेट देणाऱ्या लॅनच्या भोकात खोचली होती, त्यामुळे राउटर स्वतःच्या खोलीपुरतं न बघता मजलाभर पत्ते वाटत सुटला. बिचाऱ्याला पत्ताच नव्हता! आता स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (पत्ते कोण वाटतोय यावर पहारा) चालू केलंय, असले आगंतुक पत्ते तिथेच अडतात. तरी राउटर आणायचाच असेल तर आधी विचारा.

लॉगिनचं पान उघडत नाही, ही दुसरी ओरड. फोनच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ बघा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता फोन कोणाला विचारतो ते. जाहिराती बंद करायला तिथे कुणाचं तरी नाव टाकून ठेवलेलं असतं. लॉगिन होईपर्यंत बाहेरचा रस्ता बंद, आणि फोन हटून बसलेला की विचारीन तर त्यालाच! ते ‘ऑटोमॅटिक’ करा, पान येतं. व्हीपीएनही लॉगिननंतरच सुरू करा.

नोंदणीच्या अर्जात जुना मॅक पत्ता लिहिणं हेही नेहमीचंच. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा पत्ता न सांगता बनवलेला सांगतो. तुम्ही बॉक्सवरचा लिहून देता, आमची यादी तुम्हाला ओळखत नाही. कॅम्पसच्या नेटवर्कपुरतं ‘फोनचा मॅक वापरा’ निवडा.

लॅबमधल्या एखाद्याच पीसीवर प्रत्येक साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणत असेल तर आधी घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते आणि साइटची ओळख पटवणारी, ठरावीक मुदतीची सर्टिफिकेट चुकीची ठरतात. किरकोळ किमतीचा सेल, पण त्यापायी विंडोज नव्याने टाकलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि वायफाय हळू वाटलं म्हणून वर्गात चाळीस जणांनी हॉटस्पॉट चालू करणं! २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांना न अडवणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. मेनरोडला दिवाळीत प्रत्येकाने आपली गाडी घालावी तसलाच प्रकार. फोन चालवत असेल तर ५ गिगाहर्ट्झ घ्या.

उरली तक्रार कशी करायची ती. इमारत, मजला, वेळ, वायफायचं नाव दिसतं का, पत्ता कितीने सुरू होतो (१६९.२५४ असेल तर पत्ता मिळालेलाच नाही) आणि शेजारच्याचं काय, एवढं लिहिलं तरी पुरे. परवा एका मुलीने लिहिलं: ‘दुसरा मजला, रात्री ९:४०, वायफायचं नावच गायब, केबलचा दिवाही लागत नाही, सगळ्यांचं तसंच.’ म्हणजे स्विचलाच वीज नाही. वॉचमनकाकांना फोन करून जिन्याखालचं कपाट बघायला सांगितलं. स्विचचा प्लग काढून तिथे कुणीतरी मॅगीसाठी किटली लावली होती.